ॲशफिल्डचा निकाल अचानक नाही लागला

लेखात म्हटलंय की इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर काउंटीतल्या ॲशफिल्ड मतदारसंघाचे कामगार अचानक उजव्या पक्षांकडे वळले, हे काही पटलं नाही. अहो २०१० ला लेबर या डाव्या, कामगारांच्या पक्षाची सीट फक्त १९२ मतांनी वाचली होती, २०१७ ला ४४१ ने, म्हणजे इशारे केव्हापासून मिळत होते पण लक्ष कोणी दिलं? नॉटिंगहॅमशायरच्या बहुतेक खाणकामगारांनी खाणी बंद करण्याविरुद्धच्या १९८४-८५ च्या संपात काम चालू ठेवलं, नंतर वेगळी युनियनही काढली, तरी खाणी गेल्याच, २०१५ मध्ये थोर्सबी खाण बंद झाली आणि काउंटीतली शेवटची कोळसा खाण संपली. ज्यांनी संप केला ते पण बुडाले आणि ज्यांनी नाही केला ते पण, मग लोकांनी विश्वास ठेवायचा कोणावर.

ॲशफिल्डचा खासदार ली अँडरसन स्वतः खाणीत राबलेला, आधी लेबरचा नगरसेवक, २०१९ ला उजव्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा खासदार, मार्च २०२४ मध्ये त्याहून उजव्या रिफॉर्म यूके पक्षात गेला आणि जुलैत परत निवडून आला. मला त्याचं राजकारण अजिबात आवडत नाही, स्थलांतरितांबद्दल तो जे बोलतो ते तर नाहीच नाही. पण म्हणून तिथल्या मतदाराला अडाणी म्हणू नका प्लीज, खाणी गेल्यावर त्या गावांत तशा पगाराची, पक्की कामं कोणत्या पक्षाने आणली ते आधी लिहा.