वीस ओळींचा हुक पुरेसा आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रिडक्सचं स्टोअर (अ‍ॅपची माहिती, म्हणजे स्टेट, एका जागी ठेवणारा साठा) रिअ‍ॅक्टला, म्हणजे स्क्रीन बांधणाऱ्या लायब्ररीला, जोडायला रिअ‍ॅक्ट-रिडक्स ही वेगळी लायब्ररी हवीच कशाला? युजइफेक्टमध्ये (रेंडर, म्हणजे स्क्रीन काढून झाल्यावर चालणारा कोड) सबस्क्राइब करा, म्हणजे बदलाची खबर मागा, युजस्टेटमध्ये व्हॅल्यू ठेवा, वीस ओळींच्या हुकमध्ये (कंपोनंटमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या तुकड्यात वापरायचं फंक्शन) काम भागतं. तेही नको असेल तर कॉन्टेक्स्ट, म्हणजे वरच्या कंपोनंटकडून खालच्यांना व्हॅल्यू पोचवायची रिअ‍ॅक्टचीच सोय, आहेच.

कॉन्टेक्स्टचं आधी उरकतो. तो प्रयोग खुद्द रिअ‍ॅक्ट-रिडक्सनेच करून पाहिलाय. डिसेंबर २०१८ च्या सहाव्या आवृत्तीत स्टेट कॉन्टेक्स्टमधून खाली जायची. वेगाच्या तक्रारी आल्या आणि एप्रिल २०१९ च्या सातव्या आवृत्तीत स्वारी पुन्हा थेट सबस्क्रिप्शनवर. आज तिचा प्रोव्हायडर (सगळ्यांच्या वर बसणारा कंपोनंट) स्टेट नव्हे, स्टोअर खाली पाठवतो.

आता तुमचा हुक. रिअ‍ॅक्टमध्ये मुलाचे (आतल्या कंपोनंटचे) इफेक्ट पालकाच्या (त्याला सामावणाऱ्या कंपोनंटच्या) आधी चालतात. सगळी गोम इथेच आहे. मुलाने आपल्या इफेक्टमध्ये डिस्पॅच केलं, म्हणजे स्टोअरमध्ये बदल घडवला, तर पालक तोवर सबस्क्राइब झालेलाच नसतो. तो बदल त्याला कळत नाही आणि पुढचा बदल होईपर्यंत स्क्रीनवर जुनीच व्हॅल्यू राहते. एररसुद्धा येत नाही, म्हणून हा बग शोधताना जीव जातो.

त्याच क्रमामुळे दुसरी भानगड. यादीतली नोंद डिलीट झाली की खबर आधी मुलाला लागते. त्याच्या हातात अजून जुनाच आयडी असतो. मग सिलेक्टर (स्टेटमधला हवा तेवढा भाग काढून देणारं फंक्शन) आता अस्तित्वातच नसलेल्या नोंदीचं नाव वाचायला जातो आणि अ‍ॅप कोसळतं. याला ‘झोम्बी चाइल्ड’ म्हणतात (बारसं मी केलेलं नाही!). रिअ‍ॅक्ट-रिडक्सचा युजसिलेक्टर हा हुक अशा वेळी ती एरर पकडून रेंडर पुन्हा करायला लावतो. तोवर पालकाने मुलाला काढून टाकलं असेल, तर प्रश्नच मिटला.

मात्र तुमच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, जो तुम्ही मांडला नाहीत. रिअ‍ॅक्ट १८ मध्ये युजसिंकएक्स्टर्नलस्टोअर हा बाहेरचं स्टोअर जोडायचा हुक आला आणि रिअ‍ॅक्ट-रिडक्सची आठवी आवृत्ती त्याच्यावरच उभी आहे. वरचे दोन्ही घोटाळे तो सांभाळतो, शिवाय एकाच रेंडरमध्ये दोन कंपोनंटना वेगवेगळी स्टेट दिसू देत नाही. त्यामुळे लायब्ररी टाळायचीच असेल तर युजइफेक्ट काढून हा वापरा. फक्त स्नॅपशॉटच्या (स्टोअरची सध्याची व्हॅल्यू देणाऱ्या) फंक्शनमधून दर वेळी नवा ऑब्जेक्ट किंवा फिल्टर केलेला नवा अ‍ॅरे परत करू नका, नाहीतर रेंडर थांबायचं नाव घेणार नाही.