मुलगे मागे पडतात ते दहावीत नव्हे, पहिलीत

दरवर्षी राज्य मंडळाचे दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पेटतो. २०२५ मध्ये दहावीला ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलगे. बारावीला मुली ९४.५८ टक्के, मुलगे ८९.५१. मथळा ठरलेला असतो: यंदाही मुलींचीच बाजी. मुलींचं कौतुक व्हायलाच हवं. पण बारावीला बसलेल्या दर दहा मुलग्यांमागे एक नापास झाला, यावर कुणी चार ओळीही लिहीत नाही. ग्रुपवर मात्र कारणं तयार असतात. एक म्हणतो मोबाईलने वाट लावली. दुसरा म्हणतो मुलींचं अक्षर बघून मार्क मिळतात. तिसरा चिडतो, सगळ्या योजना मुलींसाठीच, आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?

मी परळला वाढलो आणि आता इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहतो. इथेही हा वाद जुना आहे आणि तोही असाच भरकटतो. गरीब गोऱ्या घरांतली मुलं शाळेत मागे का पडतात, यावर ब्रिटिश संसदेच्या शिक्षण समितीने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये अहवाल दिले. दुसऱ्या अहवालात ‘व्हाइट प्रिव्हिलेज’, म्हणजे गोरेपणामुळे आपोआप मिळणारा फायदा, असं बोलण्यावर टीका होती, आणि सगळी चर्चा त्या टीकेभोवतीच फिरली. मुलांना वाचता का येत नाही, हा प्रश्न बाजूला पडला.

मला अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे. इथे पाचव्या वर्षी, रिसेप्शनचा म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग संपताना, शिक्षक प्रत्येक मुलाची नोंद करतात: बोलतो कसा, ऐकतो का, पेन्सिल धरता येते का, इतरांबरोबर खेळतो का. अपेक्षित पातळीवर मुलींपैकी साधारण पाऊणशे टक्के पोहोचतात आणि मुलग्यांपैकी साठेक. पाच वर्षांच्या पोराला ना स्वतःचा मोबाईल असतो ना वाईट संगत. त्याचा पेपर तपासताना कुणी अक्षरही बघितलेलं नसतं. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत जो फरक दिसतो, त्याचं मूळ तिथे आहे.

मुलगे मठ्ठ असतात असं मुळीच नाही. २०२२च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत विकसित देशांमधल्या पंधरा वर्षांच्या मुली वाचनात सरासरी २४ गुणांनी पुढे होत्या, गणितात मुलगे ९ गुणांनी. आपल्याकडच्या ‘असर’ २०२३ या ग्रामीण पाहणीतही तेच चित्र आहे. चौदा ते अठरा वयोगटात दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत ७६ टक्के मुलींना वाचता आला आणि ७०.९ टक्के मुलग्यांना. गणितात मुलगे पुढे होते. म्हणजे घसरण वाचनात आहे. आणि ज्याला वाचन जड जातं त्याला इतिहास जड जातो, विज्ञान जड जातं, पुढे शाब्दिक उदाहरणंही जड जातात. दहावीच्या वर्षी त्याला महागडा क्लास लावून ही भरपाई होत नाही.

इंग्लंडने हे कोडं सोडवलेलं नाही. फरक अजून आहेच. पण २०१२पासून एक गोष्ट इथे नेमाने होते आणि ती मला मोलाची वाटते. पहिलीच्या वयाच्या प्रत्येक मुलाला जून महिन्यात शिक्षक एकट्याला जवळ बसवून चाळीस शब्द वाचायला देतात. त्यातले वीस खरे आणि वीस अर्थहीन, म्हणजे पाठांतर चालत नाही, अक्षरं जुळवूनच वाचावं लागतं. त्यावरून नंबर काढत नाहीत. जमलं नाही तर मदत सुरू होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघतात. कोण अडखळतोय ते सहाव्या वर्षी कळतं.

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत मुलांचं वाचन ऐकायला जातो. येणारे स्वयंसेवक बहुतेक बायकाच असतात, आणि प्राथमिकच्या शिक्षकांतही साताला एकच पुरुष. माझ्याकडे आलेले मुलगे फुटबॉलची, डायनासोरची, जेसीबीची पुस्तकं घेऊन बसतात आणि ती चांगली वाचतात. गोष्टीचं पुस्तक पुढे केलं की चुळबुळ सुरू होते. म्हणून मी आधी जेसीबी वाचून घेतो. वाचन ही बाईमाणसांची गोष्ट आहे असं पोरांच्या मनात कुणी मुद्दाम भरवत नाही. पुरुष वाचताना दिसतच नाहीत, एवढं त्यांना पुरतं.

आता मुंबईकडे येतो. आपल्या घरांत मुलगी दिवेलागणीला आत हवी आणि मुलगा रात्री अकरापर्यंत नाक्यावर चालतो. मुलीवर हा अन्याय आहे, त्याबद्दल दुमत नको. पण त्यातून ती पुस्तकासमोर बसते, आणि मुलग्याकडून कुणी काही मागत नाही. माझी बहीण विक्रोळीला राहते. ती भाच्याबद्दल सांगते, “दादा, तो घरात टिकतच नाही रे.” मी विचारलं, त्याला टिकवायला घरात काय आहे? तिचं उत्तर होतं, “जागा तरी कुठे आहे?” ती खोटं बोलत नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणूनच पोदार रुग्णालयामागच्या रस्त्यावर, दिव्यांखाली, पिढ्यान्‌पिढ्या पोरं अभ्यासाला बसली आणि त्या रस्त्याला अभ्यास गल्ली हे नाव पडलं. तिथे बसून शिकलेल्यांचा मला आदर आहे. पण त्या गल्लीत जाऊन बसतो तो आधीच वाचायला शिकलेला मुलगा. ज्याला दुसरीतच वाचता आलं नाही तो सातवी-आठवीत शाळा टाळतो आणि मग कुठल्या तरी गाड्यावर किंवा मंडपवाल्याकडे कामाला लागतो. घरात पैसा कमी असेल तर कमवायला आधी पाठवायचा तोही मुलगाच. काही जण पुढे रात्रशाळेत येतात. दिवसभर राबून पुस्तक उघडणाऱ्या त्या पोरांकडे जिद्द आहे. त्यांना वाचनाची मदत वेळेवर मिळायला हवी होती.

रिचर्ड रीव्हज या अभ्यासकाने सुचवलं आहे की मुलग्यांना एक वर्ष उशिरा शाळेत घालावं, कारण ते उशिरा पक्व होतात. मुंबईसाठी हे मला पटत नाही. ज्यांना परवडतं ते ज्युनियर केजीची आणखी एक फी भरतील, आणि वस्तीतला मुलगा ते वर्ष रस्त्यावर काढेल.

त्यापेक्षा आपल्या शहराच्या अनुभवाकडे बघावं. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचं काम १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांतूनच सुरू झालं. देवळात, कुणाच्या घरात, मिळेल त्या जागेत, वस्तीतल्याच मुली शिकवायच्या. जागा आणि माणसं आपल्याकडे आजही आहेत. गल्लोगल्ली गणेशोत्सव मंडळ आहे, त्याची खोली आहे, शेजारी व्यायामशाळा आहे, आणि पहिलीतलं पोर ज्याच्यासारखं व्हायला बघतं तो दहीहंडीला थर लावणारा दादा तिथेच असतो. त्या दादाने संध्याकाळी अर्धा तास पहिली-दुसरीच्या मुलांना वाचून दाखवावं आणि त्यांचं ऐकावं. मुलींनाही बसवावं. त्यांचं काही कमी करून हे करायचं नाही. चांगले मार्क मिळवूनही कितीतरी मुली पुढे नोकरीपर्यंत पोहोचत नाहीत, तो लढा आपल्या जागी चालूच राहिला पाहिजे.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन चांगला आहे, पण दिवस एकच. केंद्राच्या ‘निपुण भारत’ने २०२१ मध्ये तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं असं लक्ष्य ठेवलं आणि त्यासाठी २०२६-२७ची मुदत घातली. ती मुदत जवळ आली आहे. विरार लोकलने रात्री दहाला घरी पोहोचणाऱ्या बापाकडे रोजचा अर्धा तास नसतो, हे मी जाणतो. पण रविवारी पोराला घेऊन दादरला उतरलात तर फलाटावरची पाटी त्याच्याकडून वाचून घ्या, मराठीतली आधी, मग इंग्रजी. घाई करू नका आणि चुकलं तर ओरडू नका.

मंडळांना पुस्तकांची अडचणही फार येणार नाही. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, फुकट मिळतात आणि छापूनही घेता येतात. सुरुवातीला सर्वांत खालच्या पातळीच्या घ्या, तिसरीतल्या मुलांसाठीसुद्धा, आणि कोण कुठे अडखळतो ते एका वहीत लिहून ठेवा.