साफ!

आज सकाळी तेरडा बघायला बागेत गेले तर आमचा कोपरा भुईसपाट! सार्वजनिक बागेतला वीस बाय तीस फुटांचा रानफुलांचा तुकडा, त्याच्यासाठी दोन वर्षं अर्ज-विनंत्या केल्या. गौरी परवा येणार आणि ऐन भादव्यात त्याच्यावर मशीन फिरवलं. का, तर चाकरमानी आलेत, बाग साफ दिसली पाहिजे.

साफ म्हणे! डोकंच फिरलं माझं.

लहानपणी आजी आम्हाला तेरडा आणायला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर न्यायची. तो मुळासकट उपटायचा, मुळं म्हणजे गौरीची पावलं. पण वाटेत कळलावी दिसली की दटावायची, "नुसतं बघा. खालच्या कंदाला धक्का नको, तिला पुढच्या वर्षी यायचंय."

त्या कोपऱ्यात आधी काय होतं? लॉन. खाली जांभा, वर विकतची माती, तिच्यावर हिरवा गालिचा. 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात बायका टँकरसाठी हंडे लावून बसतात आणि इथे लॉनवर पाईप सोडलेला. वर 'बसू नये' ही पाटी! आम्ही ते काढून आपापल्या परड्यातले चवर, मुसळी, कळलावीचे कंद लावले. (सड्यावरून काही खणून आणलं नाही हां. तिथल्या दीपकाडीच्या कंदांचा मोह झाला होता, पण आजी आठवली.) तेरडा, कुर्डू आपसूक आले. मे महिन्यात सगळं जमिनीखाली झोपलेलं, पाणी कशाला लागतंय?

हो, डिसेंबरात तो कोपरा भकास दिसतो, मान्य. बी पडलं की तेव्हा एकदा कापावा, वणव्याची भीती नको. फुरशांचं म्हणाल तर पायवाटेकडेचा दोन हात पट्टा आम्हीच कापत होतो. कळलावी विषारी, पोरं येतात, तर ती कुंपणापलीकडे नेऊ. झालं समाधान?

मशीनवाल्या दादांवर ओरडलेच मी. त्यांनी मशीन बंद केलं. "ताई, साहेबांनी सांगितलंनी, सगळं साफ कर." आणि मग त्यांच्या स्कूटरला अडकवलेली पिशवी दिसली. आत तेरडा, मुळासकट, मुळांना ओलं फडकं गुंडाळलेलं.

"आमच्याकडं तेरड्याचीच गौर असते. म्हणून आधी उपटून ठेवला."

काय बोलणार यावर? त्यातली चार रोपं त्यांनी मलाच दिली. गप्प घेतली.

निघताना एके ठिकाणी बोटानं माती उकरली. कळलावीचा कंद आहे, नांगराच्या फाळासारखा, शाबूत. परत माती लोटली.

गणपती गेले की अर्ज घेऊन जाणार आहे. 'मशीन फक्त डिसेंबरात' एवढं लेखी घ्यायचं. कोण कोण येताय ते खाली लिहा, नुसते अंगठे नकोत. तेरडा बादलीत ठेवलाय, परवापर्यंत टिकला म्हणजे मिळवली.