बेसलाइन वजा करणे ही रंगसफेदी आहे का?

नमस्कार. जैविक नमुन्यांच्या रामन वर्णपटातून (नमुन्यातल्या रेणूंवरून तरंगलांबी बदलून विखुरलेल्या लेझर-प्रकाशाच्या आलेखातून) बेसलाइन, म्हणजे खालची पसरट पार्श्वभूमी, वजा करणे म्हणजे आकड्यांची रंगसफेदी, वक्र वाकवावा तसे पीक (peak, आलेखातले टोक) उंच होते, तेव्हा कच्चा वर्णपटच वापरावा, असे तुम्ही लिहिले आहे. आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नमुन्यावर पडलेल्या दहा लाख ते दहा कोटी फोटॉनांतला एखादाच रामन प्रकीर्णनात जातो. पेशीतली फ्लेविने, पॉर्फिरिने, ऊतीतले कोलॅजेन यांचा फ्लुओरेसन्स, म्हणजे प्रकाश शोषून त्यांनी स्वतः सोडलेला उजेड, त्याला सहज झाकून टाकतो. म्हणूनच ५३२ऐवजी ७८५ नॅनोमीटरचा लेझर घेतात. १०६४ला फ्लुओरेसन्स आणखी घटतो, पण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या नियमाने रामन संकेतही ७८५च्या तुलनेत तीस टक्क्यांवर येतो आणि सिलिकॉनचा डिटेक्टर तिथे निरुपयोगी ठरतो. थोडी पार्श्वभूमी पदरी पडतेच.

ही पार्श्वभूमी अंदाजण्यासाठी वर्णपटावर पॉलिनॉमियल (बहुपदी) वक्र बसवताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: पार्श्वभूमी संथ बदलते, पीक अरुंद असतात. फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे प्रति सेंमी १००४ला (आलेखाच्या आडव्या अक्षावरचे स्थान) येणारे टोकदार पीक या गृहीतकात चपखल बसते. पण १२३० ते १३०० मधला प्रथिनांच्या अमाइड-३ पट्ट्याच्या पसरट उंचवट्याला जास्त घाताचा वक्र गिळून टाकतो. तिथे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. प्रथिनांच्याच अमाइड-१ पट्ट्याच्या १६५५ला चिकटून पाण्याचा १६४०चा पट्टा येतो. तो पॉलिनॉमियलने जात नाही, बफरचा (नमुना ज्या द्रावणात आहे त्याचा) वर्णपट वेगळा घेऊनच वजा करावा लागतो.

याहून मोठा धोका तुमच्या प्रतिक्रियेत आलाच नाही. पार्श्वभूमी १०,००० फोटॉनांची असेल तर तिच्यातली चढउतार वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १०० असते. वजाबाकीने उंची जाते, थरथर राहते. १५० उंचीचे पीक सपाट रेषेवर देखणे दिसले, तरी त्याच्यावरचा विश्वास तसूभरही वाढलेला नसतो. बेसलाइन काढलेल्या आलेखाशेजारी कच्चा वर्णपट छापायलाच हवा, असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

मात्र फक्त कच्चा वर्णपट वापरणे मला पटत नाही. लेझरखाली फ्लुओरेसन्स हळूहळू विझत जातो, नमुन्याच्या जाडीनुसारही बदलतो. असे आकडे नमुने रोगी की निरोगी हे ठरवणाऱ्या संगणकीय वर्गीकरणाला थेट दिले तर रोगी आणि निरोगी नमुन्यांऐवजी कोणता नमुना किती वेळ उजेडात होता, हेच ओळखले जाण्याची भीती असते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात तोंडाच्या कर्करोगावर रामनचे काम झाले आहे. अशा कामात ही गफलत रुग्णाच्या निदानापर्यंत पोचू शकते. फ्लुओरेसन्समध्ये माहिती असते हे खरे. ती हवी असेल तर तिच्यासाठी वेगळे मोजमाप आखावे.

वक्र बसवणेच नको असेल तर लेझरची तरंगलांबी किंचित सरकवून दोन वर्णपट घ्या. रामनची पीक सरकतात, फ्लुओरेसन्स जवळपास जागेवर राहतो, आणि फरकातून पीक हाती येतात.

तुमच्याकडे स्वतःचे वर्णपट असतील तर त्यांवर पाचव्या आणि सातव्या घाताचा वक्र बसवून १००४ आणि १२६०च्या उंचीचे गुणोत्तर दोन्ही वेळा काढा. ते हलले, तर त्या गुणोत्तरावरून कोणताही निष्कर्ष काढू नका.