शेजाऱ्यासोबत एव्हरेस्ट कसं मोजावं?

‘भूकंपामुळे एव्हरेस्ट ८६ सेंटिमीटरनं वाढलं’ हा फॉरवर्ड परवा पुन्हा आला, खाली ‘स्पर्धा परीक्षेसाठी महत्त्वाचं’ अशी ओळ. त्यामुळे सीमेवरचं शिखर मोजू इच्छिणाऱ्या देशांसाठी, नेपाळ आणि चीनच्या अनुभवावरून, हे सल्ले.

आधी मोजा, सहकार्य मागाहून करा. नेपाळचं पथक मे २०१९ मध्ये शिखरावर जाऊन आलं. उंची दोघांनी मिळून जाहीर करायचं ठरलं ऑक्टोबरात, चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग काठमांडूला आल्यावर. चीनचं पथक मे २०२० मध्ये चढलं. (संयुक्त मोजणीचा भारताचा प्रस्ताव नेपाळनं २०१७ मध्येच नाकारला होता.)

खडक मोजायचा की वरचं बर्फ, हे मुळीच ठरवू नका. चीननं २००५ मध्ये खडकाची उंची काढली, ८८४४.४३ मीटर. नेपाळचं म्हणणं, बर्फासकट ८८४८. २०१० मध्ये तोडगा निघाला: तुमचंही खरं, आमचंही खरं!

शून्य कुठला, हे तर विचारूच नका. नेपाळ बंगालच्या उपसागरापासून मोजतो, चीन पिवळ्या समुद्रापासून, आणि दोन समुद्रांची सरासरी पातळी एक नसते. शिखरावरचा जीएनएसएस रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान काढणारं यंत्र, समुद्रपातळी ओळखतच नाही. ते उंची देतं ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची. तिच्यातून जिऑइडची, म्हणजे जमिनीखालूनही पसरलीय असं मानलेल्या सरासरी समुद्रपातळीची, उंची वजा करावी लागते. एव्हरेस्टखाली जिऑइड लंबगोलाच्या पंचवीसहून अधिक मीटर खाली आहे, म्हणून वजाबाकी करताना आकडा वाढतो. हा जिऑइड काढायला डोंगराच्या दोन्ही अंगांची गुरुत्वाकर्षणाची मोजमापं लागतात. एकाच बाजूची असली की मॉडेल नेमकं सीमेवर, म्हणजे शिखराखालीच, लंगडं पडतं. सहकार्य लागतं ते इथं. पण दरीदरीत ग्रॅव्हिमीटर घेऊन हिंडणाऱ्याचा फोटो कोण छापणार?

आकडा दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनीच सांगावा.

तो त्यांनी ८ डिसेंबर २०२० ला सांगितला: ८८४८.८६, बर्फासकट. आता फॉरवर्डवाल्यांनो, जरा ऐका. जुना ८८४८ हा १९५५ मध्ये जाहीर झालेल्या भारतीय मोजणीचा आकडा, मूळचा ८८४७.७३. तो दुरून थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजणारी दुर्बीण, लावून काढलेला. नवा आकडा उपग्रह, बर्फाची जाडी मोजणारं रडार आणि नवा जिऑइड वापरून काढलेला. साधनं वेगळी, शून्य वेगळा. या दोन आकड्यांची वजाबाकी करून भूकंपाच्या नावावर कसली खपवता? आणि करायचीच होती तर नीट करा, उत्तर ८६ सेंटिमीटरही येत नाही!