भूतानची लढाई आपल्या नावावर कशाला?

रविवारी सकाळी मामा इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी आले, ते व्हॉट्सॲपवरचा एक मजकूर ठळक अक्षरांत छापून घेऊनच. पोह्यांच्या बशीशेजारी कागद ठेवून म्हणाले, "वाच, आणि मग बोल." मजकुराचे म्हणणे असे, की २००३ मध्ये भारतीय सैन्याने भूतानमध्ये घुसून उल्फा या आसामातील बंडखोर संघटनेचे तळ उडवले, शेजाऱ्यांनी कधी काडीची मदत केली नाही, आणि म्यानमारच्या सीमेवर कुंपण पूर्ण झाल्याने ईशान्येतील बंडखोरी संपली. मामांची सारी नोकरी महूच्या छावणीत झाली, आणि त्यांनाही हे खरे वाटावे, याचा मला अधिक संताप आला.

१५ डिसेंबर २००३ रोजी सुरू झालेली 'ऑपरेशन ऑल क्लिअर' ही कारवाई भूतानच्या शाही सैन्याची होती. उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या सशस्त्र फुटीर संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलांत मांडलेले तळ हलवावेत म्हणून तिथल्या सरकारने अनेक वर्षे वाटाघाटी केल्या, आणि त्या फसल्यावर राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः मोहिमेवर गेले. ३० तळ मोडले गेले. आपल्या सैन्याने सीमेची आपली बाजू रोखून बंडखोरांच्या पळवाटा बंद केल्या. हे काम लहान नव्हते, पण 'घुसून' हा शब्द आला कुठून? ज्या चिमुकल्या देशाने या लढाईत आपले जवान गमावले, त्याचे नावसुद्धा हा मजकूर खोडून टाकतो.

शेजाऱ्यांच्या मदतीचे म्हणाल, तर बांगलादेशाविषयी एवढेच पुरे, की उल्फाचे अध्यक्ष अरबिंद राजखोवा २००९ मध्ये आणि सरचिटणीस अनुप चेतिया २०१५ मध्ये तिथूनच भारताच्या ताब्यात आले.

राहिले कुंपण. म्यानमारलगतच्या सीमेची लांबी १,६४३ किलोमीटर आहे. संपूर्ण सीमेवर कुंपण घालण्याची घोषणा गृहमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये केली, तेव्हा त्यांनीच सांगितले होते की मणिपुरातील मोरे येथे १० किलोमीटरचे काम झाले आहे. त्या डोंगरांत उरलेले काम काही एका पावसाळ्यात उरकत नाही. सीमेलगतच्या रहिवाशांना मिळालेल्या मुक्त ये-जा सवलतीचा शस्त्रे आणि अमली पदार्थांच्या तस्करांनी फायदा उठवला, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. तरीही नागालँडच्या लोंगवा गावात सीमारेषा अंघांच्या, म्हणजे गावप्रमुखांच्या, घरातूनच जाते. तिथे खांब बैठकीत रोवायचा की चुलीशेजारी, असे मी विचारले, तेव्हा मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.