रंग नको, पत्रा करा

आमच्या घरात सध्या दोन पक्ष पडलेत. दादाचं म्हणणं, फेब्रुवारीत पोरीचं लग्न आहे, वरातीआधी बाबांची फियाट 'नवीकोरी' करून घेऊ. माझं म्हणणं, रंगाला हात लावायचा नाही. आई तटस्थ. तिला एवढंच हवंय की गाडी दारातून हलावी, तुळशीला ऊन लागत नाही.

गाडी १९७१ ची, फियाट ११००. डुक्कर फियाटच्या नंतरची आणि 'पद्मिनी' हे नाव पडायच्या आधीची. ते नाव १९७४ ला आलं, गाडी जवळपास हीच. तरी येणारा-जाणारा प्रत्येक जण 'पद्मिनी ना?' म्हणतो आणि मी दरवेळी चिडतो. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढं सोफ्यासारखी सलग सीट. ड्रायव्हरच्या खिडकीखाली तळहाताएवढ्या जागेत रंग जाऊन तांबडा प्रायमर दिसतो. तिथं बाबांचं कोपर असायचं. वळायच्या सिग्नलचा दिवा लागला तरी ते हात बाहेर काढून दाखवायचे, आणि हात आत घेतला की कोपर परत तिथंच. दादा म्हणतो, हा डाग पहिला घालवू.

मी एकदा पोळलोय. २०१२ साली बाबांची लॅम्ब्रेटा स्कूटर मीच हौसेनं रिस्टोअर करायला टाकली होती. गॅरेजवाल्यानं सगळं खोललं, सँडब्लास्टिंग केलं, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं जुना रंग उडवला, आणि आरशासारखा रंग मारला. फोटोला तीनशे लाईक. बाबांनी एक चक्कर मारली आणि डिकीचं झाकण उघडून आत बघत बसले. ऑईल बदललं की तारीख ते खिळ्यानं त्या झाकणाच्या आतल्या बाजूला ओरखडायचे. वीस-बावीस वर्षांच्या तारखा होत्या, सगळ्या ब्लास्टिंगमध्ये गेल्या. मूळ सीट मागितली तर ती भंगारात गेलेली. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो, गाडी टाकायच्या आधी आत-बाहेर फोटो काढा आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत मागा, तुटका असला तरी.

पण 'जशी आहे तशी' म्हणत गंज कुरवाळणाऱ्यांतलाही मी नाही. मागच्या रविवारी फ्रिजवरचं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून गाडीभर फिरवलं. दारांना, बॉनेटला घट्ट चिकटतंय. मागच्या उजव्या मडगार्डवर गळून पडलं, म्हणजे आत पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली. आईला विचारलं तर म्हणाली, 'गगनबावड्याच्या रस्त्याला म्हैस आडवी आलेली नव्हं का!' घ्या, म्हणजे आमची 'ओरिजिनल' गाडीही सगळी ओरिजिनल नाहीच. असू दे. म्हैससुद्धा तिच्या इतिहासातच धरायची.

खरी भीती दारांखाली आहे. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलानं बुजलेली, त्यात कोल्हापूरचा पाऊस. दाराखालच्या पट्टीत, डाव्या सिलमध्ये, स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर पापडासारखा आत गेला. तिथं जतन-बितन काही नाही, कापायचं आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. ब्रेकचे होज आणि सिलिंडरची रबरं बदलायची. पेट्रोलचे पाईपही, कारण २० टक्के इथेनॉल या जुन्या रबराला सोसत नाही. माझा हिशोब साधा आहे. ज्यानं माणूस मरू शकतो ते नवं, बाकी आहे तसं.

दादाला वाटतं हे माझ्या डोक्यातलं खूळ. त्याला सांगितलं, २०२४ ला कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत १९३४ ची बुगाटी टाइप ५९ सर्वोत्तम ठरली, आणि ती जुन्या रंगासकट जपलेली होती. जतन-गटातल्या गाडीला तिथं तो मान पहिल्यांदाच मिळाला. त्यावर दादा : 'ती बुगाटी हाय, लेका.' यावर उत्तर सुचलं नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी असं आहे, हेही सांगून बघितलं. त्यात रंगाला बंदी नाही, हे त्यानंच वाचून दाखवलं. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणून आम्ही ती केलेलीही नाही. थोडक्यात, वादात मी हरलोय. मत तेच आहे.

आणि तो जुना ड्यूको रंग! पॉलिश केला तरी तो मऊसरच चमकतो, आजच्या रंगासारखा ओला-ओला दिसत नाही. एकदा घासून काढला की गेला. पुढच्या पिढीला नवा मारावासा वाटला तर दुकानं उघडीच आहेत, पण उलटं करता येत नाही.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी दोन आकडे दिलेत. पूर्ण रिस्टोरेशन साडेचार लाख. पत्रा, ब्रेक आणि वायरिंग मिळून एक लाख दहा हजार. दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'बरं, पत्रा कर. रंगाचं दिवाळीनंतर बघू.' रंगांचं शेड कार्ड मात्र त्यानं आणून ठेवलंय, डॅशबोर्डच्या कप्प्यात.

बुधवारी गाडी जाईल. ज्या नवरीसाठी हे सगळं चाललंय तिला शेवटी मीच विचारलं, जुन्या रंगात चालेल का तुला?

'चालेल की. काका, पण एसी आहे का?'

नाही. वारा घ्यायची तिकोनी काच आहे. तिची कडी मोडलीय, हातानं धरून बसावं लागेल.